मुलाखतीनंतरची प्रतीक्षा : वैद्यकीय प्रवेशातील निर्णयचिन्हांचा इतिहास

१. विषयप्रवेश

वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास सामान्यतः संस्था, अभ्यासक्रम व पदव्या यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. महाविद्यालय केव्हा स्थापन झाले, प्रमुख कोण होते, पहिल्या तुकडीत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, इत्यादी माहिती त्यात विपुल आढळते. परंतु प्रवेशासाठी अर्ज केलेला विद्यार्थी आणि त्याचे कुटुंब यांनी निर्णयापूर्वीचे दिवस कसे काढले, त्या दिवसांत कोणत्या गोष्टींना 'खूण' मानले आणि त्या खुणांचा अर्थ कसा लावला, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः प्रवेशपद्धती बदलली की प्रतीक्षेचे स्वरूपही बदलते. आणि प्रतीक्षेचे स्वरूप बदलले की तिच्यासाठी वापरली जाणारी भाषाही बदलते. या परस्परसंबंधाचा मागोवा मुंबईच्या उपनगरांतील मालाड हे स्थळ डोळ्यांसमोर ठेवून येथे घ्यावयाचा आहे.

आरंभी काही शब्दांची व्युत्पत्ती पाहणे उपयुक्त ठरेल. 'उमेदवार' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ 'आशा बाळगणारा' असा आहे. मराठीत 'उमेदवारी करणे' याचा आणखी एक अर्थ रूढ होता : पुढे जागा मिळेल या आशेने कचेरीत बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर काम करीत राहणे. म्हणजे परीक्षा देणारा आणि वाट पाहत राहणारा, असे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात सामावलेले आहेत. 'मुलाखत' हा शब्द अरबी 'मुलाकात'वरून आला. त्याचा मूळ अर्थ केवळ 'भेट' असा असून त्यात परीक्षेचा भाव नाही. 'वाट पाहणे' या वाक्प्रचारात प्रतीक्षा ही दृष्टीची क्रिया आहे. संस्कृत 'प्रतीक्षा' शब्दातही 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हाच धातू आहे. मराठी भाषकाच्या दृष्टीने वाट पाहणारा मनुष्य निष्क्रिय नसतो. तो वाटेकडे पाहत असतो, आणि पाहत असल्यामुळेच त्याला वाटेवर काही ना काही दिसत राहते.

यांत 'कौल' या शब्दाची भर घातली पाहिजे. अरबी 'कौल' म्हणजे शब्द, वचन. मराठी राज्यव्यवहारात कौल किंवा कौलनामा म्हणजे सरकारने रयतेला दिलेले लेखी अभय अथवा आश्वासन. कोकणातील देवळांत मात्र देवतेस प्रश्न विचारून मूर्तीस लावलेले फूल वा पाकळी कोणत्या बाजूने पडते, यावरून तिची इच्छा जाणून घेणे म्हणजे 'कौल लावणे'. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूरचे आहेत. पहिल्यात बोलणारा आपले बोलणे लिहून देतो व त्याला बांधला जातो. दुसऱ्यात देवता काहीच बोलत नाही, पाकळीच्या पडण्याला बोलणे मानावयाचे असते. पुढे इंग्रजी 'कॉल' हा शब्द 'मुलाखतीचे बोलावणे' या अर्थाने मराठी घरांत शिरला आणि 'कॉल आला का?' हा प्रश्न सर्वतोमुखी झाला. 'कॉल' व 'कौल' यांचा व्युत्पत्तिदृष्ट्या काहीही संबंध नाही. तथापि वैद्यकीय प्रवेशाचा इतिहास हा या शब्दाच्या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. पत्रांचा काळ

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण देण्याचा पहिला प्रयत्न १८२६ मध्ये स्थापन झालेल्या 'नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन'च्या रूपाने झाला. देशी भाषांतून शिकविणारी ही संस्था १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्राचार्य. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे ज्याला इंग्रजी अवगत नाही त्याचा प्रवेशाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड यांची गणना होते. त्या काळी विद्यार्थी थोडे व शिक्षक प्रत्यक्ष ओळखीचे असल्याने निर्णयाची खूण शोधत बसण्याचे कारण फारसे नव्हते. निर्णय देणारा समोरच असे.

निर्णय देणारा दूर असला म्हणजे काय होते याचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात मिळते. पत्नीला अमेरिकेत शिकविता यावे म्हणून गोपाळराव जोशी यांनी मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी तो आपल्या नियतकालिकात छापला, परंतु साहाय्याऐवजी धर्मांतराचा सल्ला दिला. लौकिक अर्थाने हा नकारच होता. तथापि तो छापील मजकूर न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या दृष्टीस १८८० च्या सुमारास पडला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांनी तो वाचला, असे चरित्रकार सांगतात. त्यातून स्नेह जुळला आणि १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला, व ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पत्राला प्रवासास आठवडेच्या आठवडे लागत असल्यामुळे उशीर झाला तरी त्याचा अर्थ 'नकार' असा घेतला जात नसे; उशीर हा समुद्राचा होता, माणसाचा नव्हता. दुसरे असे की, जे उत्तर नकार म्हणून आले त्यातूनच मार्ग निघाला, आणि तो मार्ग निघेल हे त्या वेळी कोणत्याही चिन्हावरून ओळखता आले नसते.

३. मुलाखतीचे गुण

विसाव्या शतकात मुंबईतील वैद्यकीय शिक्षणाचा विस्तार झाला. असहकाराच्या चळवळीच्या काळात १९२१ मध्ये निघालेले राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय पुढे टोपीवाला यांच्या नावाने व नायर रुग्णालयाशी संलग्न असे प्रसिद्धीस आले. १९२६ मध्ये परळ येथे शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व त्यास जोडून के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. १९६४ मध्ये शीव येथे लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय निघाले. स्वातंत्र्योत्तर काळात अर्जदारांची संख्या जागांच्या मानाने झपाट्याने वाढली आणि 'कोणाला घ्यावयाचे' हा प्रश्न देशभर तीव्र झाला.

काही राज्यांनी त्याचे उत्तर मुलाखतीत शोधले. म्हैसूर राज्याने वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी मुलाखतीला ऐच्छिक विषयांच्या कमाल गुणांच्या २५ टक्के इतके गुण ठेवले. त्याविरुद्धच्या आर. चित्रलेखा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने ही पद्धत वैध ठरविली, न्या. ज. र. मुधोळकर यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. तामिळनाडूतील वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या पेरियाकरुप्पन खटल्याच्या निर्णयात (१९७१ मध्ये वृत्तांकित) न्यायालयाने एक सूक्ष्म पण महत्त्वाचा दोष दाखवून दिला. मुलाखतीचे गुण कोणकोणत्या सदरांखाली द्यावयाचे हे ठरलेले असताना निवड समितीने ते सदरवार न देता एकत्रित दिले होते. अर्थात, कोणत्या गुणासाठी किती गुण मिळाले हे उमेदवाराला तर नाहीच, समितीलाही सांगता येत नव्हते. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे चिन्ह होते, परंतु त्याचा संकेत अस्तित्वात नव्हता.

१९८० च्या नोव्हेंबरमध्ये निर्णीत झालेला अजय हसिया यांचा खटला श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा असला तरी त्याचे तत्त्व सर्वच व्यावसायिक प्रवेशांना लागू पडले. तेथे लेखी परीक्षेस १०० व तोंडी परीक्षेस ५० गुण होते. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि तीत आईवडील कोण, राहणे कोठे, असेच प्रश्न विचारले गेले, अशी तक्रार होती. एकूण गुणांच्या एक तृतीयांश भार अशा मुलाखतीवर टाकणे अवाजवी आहे, तो १५ टक्क्यांहून अधिक नसावा आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करणे इष्ट होईल, असे न्यायालयाने म्हटले. तथापि प्रवेशाला सुमारे दीड वर्ष लोटलेले असल्याने आधी झालेले प्रवेश रद्द करण्यात आले नाहीत. निर्णयाला लागलेला काळ हाच निर्णयाचा एक घटक बनतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रात शासकीय व महापालिका महाविद्यालयांच्या प्रवेशाचा मुख्य भर परीक्षेतील गुणांवर राहिला. आधी इंटर सायन्सच्या आणि 'दहा अधिक दोन' ही रचना आल्यानंतर बारावीच्या. परंतु दोन संस्थांनी उमेदवाराच्या मनोवृत्तीचा शोध घेण्याचा प्रयत्न केला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९४८ मधील. त्याचा पदवी विभाग ४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाला. पदवी घेतल्यावर सैन्यदलात सेवा करावयाची असल्याने उमेदवार त्या जीवनाला योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी तेथे मुलाखत ठेवण्यात आली. अखिल भारतीय 'नीट' परीक्षा आल्यानंतरही निवडलेल्या उमेदवारांना पुण्यास बोलावून मुलाखत व वैद्यकीय तपासणी घेण्याची प्रथा तेथे चालू राहिली. डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्राम येथे निघालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने आपल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली होती. या दोन्ही ठिकाणी उमेदवारापुढचा प्रश्न 'किती येते' एवढाच नव्हता. 'कोण आहेस' हाही होता. आणि 'कोण आहेस' याचे उत्तर बरोबर आले की चुकले हे घरी येऊन पुस्तकात पडताळता येत नाही. मुलाखतीनंतरची प्रतीक्षा लेखी परीक्षेनंतरच्या प्रतीक्षेहून अधिक क्लेशकारक होण्याचे मूळ येथे आहे.

४. मालाड : अंतर आणि प्रतीक्षा

मालाड हे पश्चिम रेल्वेवरील उपनगर १९५७ च्या विस्तारात बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. विजेची रेल्वे ५ जानेवारी १९२८ पासून बोरिवलीपर्यंत धावत असल्याने शहराशी त्याचा दैनंदिन संबंध त्यापूर्वीच जुळलेला होता. मढ व मनोरीकडील कोळीवाडे, ऑर्लेमच्या परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती, सोमवार बाजाराच्या आसपासची व्यापारी पेठ, कोकणातून व देशावरून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे, गुजराती भाषक मध्यमवर्ग आणि पूर्वेकडील कुरारसारख्या श्रमिक वस्त्या असे बहुभाषक मिश्रण येथे आढळते. मार्वे येथे नौदलाचा 'हमला' हा तळ आहे. त्यामुळे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव येथील काही घरांत नित्याचे असणे साहजिक होते.

परंतु वैद्यकीय महाविद्यालये मात्र सारी दक्षिणेकडे होती : भायखळ्याचे जे. जे., मुंबई सेंट्रलचे नायर, परळचे के. ई. एम. आणि शीवचे टिळक. महापालिकेचे पुढचे वैद्यकीय महाविद्यालय विलेपार्ले-जुहू परिसरातील कूपर रुग्णालयास जोडून निघाले ते २०१५ मध्ये, म्हणजे शीवनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने. तोवर मालाडच्या उमेदवाराला आपले भवितव्य पाहावयाचे असल्यास गाडीने शहरात जाऊन महाविद्यालयाच्या फलकावर लावलेली यादी वाचावी लागे. 'वाट पाहणे' हा वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा ठरे : एक वाट टपालवाल्याच्या येण्याची आणि दुसरी फलकाकडे जाण्याची.

दूरध्वनी ज्या काळी मोजक्या घरांत असे त्या काळी बातमीला तीन मार्ग होते : टपाल, तार व माणूस. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत वेगवान, सर्वांत अनिश्चित आणि सर्वांत विषम होता. ज्याचा मामा वा आत्येभाऊ रुग्णालयात नोकरीस होता त्याला फलकावर यादी लागण्यापूर्वीच कुणकुण लागे. ज्याच्या घरात डॉक्टर नव्हता त्याला ती यादी लागल्यावरही कित्येकदा दुसऱ्याकडून कळे. मुलाखतीत काय विचारतात, कोणत्या प्रश्नाचा हेतू काय असतो, 'बरे, पाहू' या शब्दांना कितपत महत्त्व द्यावयाचे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते नात्यागोत्यात फिरत होते. अजय हसिया खटल्यातील 'आईवडील कोण, राहणे कोठे' या प्रश्नांची तक्रार उपनगरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाचली म्हणजे तिचे गांभीर्य अधिक जाणवते. ज्या प्रश्नाला प्रतिष्ठित डॉक्टरच्या मुलाने सहज उत्तर द्यावे तोच प्रश्न गिरणीतील जॉबरच्या किंवा कोळिणीच्या मुलाला आपल्या अपात्रतेची सूचना वाटण्याचा संभव असतो, मग विचारणाऱ्याच्या मनात तसे काही असो वा नसो.

५. लक्षण आणि चिन्ह

मुलाखत आटोपून घरी परतलेला उमेदवार काय काय आठवतो याची यादी करणे कठीण नाही. मुलाखत किती मिनिटे चालली. समितीतील कोण हसले. शेवटचा प्रश्न विषयाचा होता की सहज गप्पांचा. 'वसतिगृहात राहावे लागेल, चालेल ना?' असे विचारले की नाही. दार उघडून बाहेर येताना कोणी शुभेच्छा दिल्या काय. मराठीत या स्थितीचे वर्णन करणारे वाक्प्रचार विपुल आहेत : जीव टांगणीला लागतो, धाकधूक होते, मनात शंकेची पाल चुकचुकते. यांतील शेवटचा तर प्रत्यक्ष शकुनशास्त्रातून आलेला आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ ग्राइस यांनी १९५७ मधील आपल्या निबंधात दोन प्रकारच्या 'अर्था'तील भेद दाखविला. अंगावरील पुरळाचा अर्थ गोवर, हा एक प्रकार. तेथे कोणी काही सांगू इच्छीत नाही. घंटेच्या ठोक्यांचा अर्थ गाडी भरली, हा दुसरा. तेथे सांगणारा आहे, त्याचा हेतू आहे आणि ऐकणाऱ्याने तो ओळखावा अशी अपेक्षा आहे. मराठीत पहिल्यास 'लक्षण' व दुसऱ्यास 'संकेत' म्हणता येईल. वैद्यकाचा विद्यार्थी पुढे आयुष्यभर लक्षणे वाचणार असतो. परंतु प्रवेशाच्या प्रतीक्षेत तो व त्याचे घर लक्षणांना संकेत समजून वाचतात. परीक्षकाने घड्याळाकडे पाहिले याचे कारण दुपारच्या जेवणाची वेळ झाली, एवढेच असू शकते. ते लक्षण आहे, पण भुकेचे. उमेदवार त्याला आपल्याविषयीचे विधान मानतो. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत, जेथे अभिधाही नाही तेथे तो व्यंजना शोधतो.

न्यायशास्त्राने हाच दोष अधिक नेमकेपणाने मांडला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी अशी व्याप्ती सिद्ध आहे. परीक्षकाच्या स्मितावरून निवडीचे अनुमान करावयाचे तर 'ज्याच्याकडे पाहून स्मित झाले तो निवडला गेला' ही व्याप्ती सिद्ध व्हावी लागेल. परंतु स्मित निवडलेल्यांच्या वाट्यास येते तसेच न निवडलेल्यांच्याही येते. सपक्ष व विपक्ष या दोहोंत आढळणारा हेतू हा साधारण अनैकान्तिक हेत्वाभास होय. घरात मात्र एखाद्या शेजाऱ्याचे उदाहरण पुरते : 'त्यालाही असेच विचारले होते आणि त्याचे झाले.' कावळा बसला आणि फांदी मोडली. काकतालीय न्यायाने व्याप्ती सिद्ध होत नाही.

तथापि अशा वाचनाला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. निर्णय देणारी संस्था मौन पाळते, तारीख सांगत नाही, निकष उघड करीत नाही. अशा स्थितीत उमेदवारापुढे जे काही उपलब्ध आहे तेच तो वाचणार. देवळातील पाकळीला बोलते केले जाते, कारण देवता स्वतः बोलत नाही. निवड समिती मात्र बोलू शकते. तिच्या मौनातूनच कौल लावण्याची गरज निर्माण होते.

६. यादी आणि 'नंबर लागणे'

गुणांवर आधारलेल्या पद्धतीने ही गरज संपेल अशी अपेक्षा होती. गुणवत्ता यादीत क्रमांक असतो. क्रमांकाला स्मित नसते. या पद्धतीने मराठी बोलीत 'मेडिकलला नंबर लागला' हा प्रयोग दृढ केला. व्याकरणदृष्ट्या हा प्रयोग चिंतनीय आहे. 'समितीने त्याला घेतले' या वाक्यात कर्ता आहे. 'त्याला घेतले नाही' या वाक्यात तो लुप्त असला तरी गृहीत आहे. 'त्याचा नंबर लागला' या वाक्यात मात्र माणूस कर्ता म्हणून उरतच नाही. लागणारा आहे तो नंबर. 'यादी लागते', 'नाव लागते', 'निकाल लागतो', तसेच 'भूक लागते' व 'ठेच लागते', ही सारी 'लागणे' या एकाच क्रियापदाची कुळी आहे. जे आपल्या इच्छेवाचून आपल्यावर येऊन पडते त्यासाठी मराठी हे क्रियापद वापरते. 'घेतले नाही' म्हणणाऱ्याच्या मनात तक्रार असते, कारण घेणारा कोणी आहे. 'नंबर लागला नाही' म्हणणाऱ्याची तक्रार कोणाकडे नेता येत नाही. पहिल्या वाक्याने न्यायालयाची वाट दाखविली. दुसऱ्याने पुढल्या वर्षीच्या परीक्षेची.

येथे एक विशेष नोंदविला पाहिजे. गुणानुक्रमे उमेदवारांना बोलावून उपलब्ध जागांपैकी एक निवडावयास सांगण्याचा जो कार्यक्रम होत असे त्यालाही बोलीत 'इंटरव्ह्यू' किंवा 'मुलाखत' म्हणत. त्यात प्रश्न नव्हते, परीक्षा नव्हती. परंतु शब्द टिकून राहिला. एका अर्थी 'मुलाखत' आपल्या मूळ अर्थाकडे, केवळ 'भेटी'कडे, परत गेली. आपला क्रम येईपर्यंत इष्ट महाविद्यालयातील जागा उरते की नाही, हे पाहत दालनात बसणे हे प्रतीक्षेचे नवे रूप होते.

क्रमांकावरील हा विश्वास निरपवाद राहिला नाही. १९८६ मध्ये एम. डी. परीक्षेतील गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. अंकामागेही हात असू शकतो ही जाणीव समाजाला त्या वेळी तीव्रतेने झाली. खाजगी महाविद्यालयांतील देणग्यांचा प्रश्न इतका उग्र झाला होता की १९८७ मध्ये महाराष्ट्रास कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला.

राष्ट्रीय पातळीवरील प्रवेशांचा प्रवाहही याच दशकात सुरू झाला. प्रदीप जैन (१९८४) व दिनेशकुमार (१९८६) या खटल्यांतून शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के पदवीपूर्व जागा अखिल भारतीय स्पर्धेसाठी ठेवण्याचे ठरले. 'नीट' प्रथम ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली. ११ एप्रिल २०१६ रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी परीक्षा पुन्हा सुरू झाली. एका परीक्षेच्या अस्तित्वाविषयीच तीन वर्षे वाट पाहावी लागली, ही घटना या इतिहासात विसरण्याजोगी नाही.

अंकांचे वाचन किती निसरडे असते याचा प्रत्यय २०२४ मध्ये आला. २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिलेल्या त्या परीक्षेचा निकाल ४ जून रोजी लागला तेव्हा ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे ६७ विद्यार्थी होते. १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घेण्यात आले, प्रश्नपत्रिका फुटल्याची प्रकरणे न्यायालयात गेली, २३ जुलै रोजी फेरपरीक्षेस नकार देण्यात आला, आणि सुधारित निकालात सर्वोच्च गुण मिळविणाऱ्यांची संख्या १७ वर आली. अखिल भारतीय जागांच्या प्रवेशफेऱ्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुरू होऊ शकल्या नाहीत. त्या दहा आठवड्यांत देशभरच्या घरांत, आणि म्हणून मालाडच्या घरांतही, एकच प्रश्न होता : गेल्या वर्षी ज्या गुणांना प्रवेश मिळाला त्या गुणांना या वर्षी मिळेल काय? गुण तोच, परंतु त्याचे मूल्य इतरांच्या गुणांवर अवलंबून. चिन्हाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या ठायी नसून व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदात असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन विद्यार्थी भाषाविज्ञानाच्या वर्गात शिकतात. प्रवेशाच्या उमेदवारांना ते अनुभवाने कळले.

७. एक समांतर उदाहरण

मुलाखत कायम ठेवून तिच्यानंतरच्या चिन्हवाचनाला आळा घालण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथे वैद्यकीय पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागा १९५२ पासून 'मॅच' नावाच्या केंद्रीय पद्धतीने भरल्या जातात. मुलाखतीनंतर उमेदवार रुग्णालयांचा आणि रुग्णालये उमेदवारांचा पसंतिक्रम देतात. ठरलेल्या रीतीने दोहोंची जुळणी होते व मार्च महिन्यात निकाल एकाच दिवशी जाहीर होतो. ही रीत १९९८ पासून उमेदवाराच्या पसंतीला अग्रस्थान देणारी करण्यात आली. या प्रकारच्या जुळणीच्या सिद्धान्तासाठी शॅप्ली व रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'तुम्ही आम्हांस कितव्या क्रमांकावर ठेवणार?' असे उमेदवारास विचारण्यास तेथे नियमाने मज्जाव आहे. तरीही मुलाखतीनंतर आलेल्या औपचारिक पत्रातील एखाद्या विशेषणावर दिवसचे दिवस खल करणारे उमेदवार तेथेही आहेत, आणि त्यांत महाराष्ट्रातून गेलेले तरुण डॉक्टरही असतात. मात्र एक फरक मोठा आहे : निर्णयाचा दिवस सर्वांना आधीच ठाऊक असतो. त्यामुळे मौनाचा अर्थ 'नकार' असा लावण्याचे कारण उरत नाही. मौन त्या दिवसापर्यंत सर्वांसाठी सारखेच असते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मुलाखतीपासून यादीकडे आणि यादीपासून संगणकीय फेऱ्यांकडे झालेल्या स्थित्यंतराने प्रतीक्षा नाहीशी झाली नाही. तिचा विषय बदलला. पूर्वी माणसाचा चेहरा वाचला जाई, नंतर फलक, आता गेल्या वर्षीचा अंक. दुसरा असा की, चिन्ह वाचण्याचे कौशल्य समाजात सारखे वाटलेले नव्हते. ज्याच्या घरात डॉक्टर होता त्याला मुलाखतीतही आधार होता आणि प्रतीक्षेतही. गुणांच्या पद्धतीचे खरे समर्थन ती अचूक आहे हे नसून तिने या विषमतेचा एक भाग दूर केला, हे आहे. आणि शिकवणी वर्गांच्या वाढत्या खर्चाने तो भाग दुसऱ्या वाटेने परत येत आहे, ही चिंतेची गोष्ट होय.

तिसरा निष्कर्ष संस्थांना उद्देशून आहे. पेरियाकरुप्पन व अजय हसिया या निर्णयांनी जे मागितले ते मूलतः भाषिक स्वरूपाचे होते : गुण सदरवार द्या, म्हणजे अंकाला अर्थ येईल, बोलणे मुद्रित करा, म्हणजे त्याचा पडताळा घेता येईल. यांत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागेल : निर्णयाची तारीख सांगा आणि ती पाळा. पाळता येत नसेल तर तसे कळवा. विद्यापीठांतील जे अध्यापक आज निवड समित्यांवर बसतात, व जे पदव्युत्तर विद्यार्थी उद्या बसतील, त्यांच्या हातून या गोष्टी घडण्याजोग्या आहेत. त्यांना नवा कायदा लागत नाही वा द्रव्यही लागत नाही.

'कौल' शब्दाचे दोन अर्थ आरंभी सांगितले. उमेदवार हा आशा बाळगणाराच राहणार. ते त्याच्या नावातच आहे. त्याला पाकळीचा कौल लावावा लागावा की सहीशिक्क्याचा कौल हाती मिळावा, हे मात्र सर्वस्वी देणाऱ्याच्या स्वाधीन आहे.